सूर सांभाळायचा तर आधी कान सांभाळा

नवरात्र संपून आठवडा झाला होता. रात्री दवाखाना बंद करायच्या बेतात असताना सव्वीस वर्षांचा एक तरुण आत आला. आपल्याच भागातल्या एका ऑर्केस्ट्रात तो ऑक्टोपॅड वाजवतो. हळदीचे कार्यक्रम, गणेशोत्सव, नवरात्र, गावोगावच्या जत्रा धरून वर्षाला साठ-सत्तर कार्यक्रम होतात. घर त्याच्या कमाईवर चालते. तो म्हणाला, ''डॉक्टर, नऊ दिवस कार्यक्रम केले. तेव्हापासून कानात पिपाणी वाजल्यागत होतंय. दिवसा एवढं कळत नाही, पण रात्री अंथरुणावर पडलं की सुरू. झोप लागंना झालीय. काहीतरी थेंब द्या.''

मी दोन्ही कान तपासले. मळ नव्हता, पू नव्हता, पडदे शाबूत होते. थेंब लिहून देणे सोपे होते, पण त्या थेंबांचा काडीचा उपयोग झाला नसता. मी त्याला कानाचा आलेख, म्हणजे ऑडिओग्राम, काढून आणायला सांगितले. दोन दिवसांनी तो घेऊन आला. साधे बोलणे ज्या पट्टीत असते तिथे त्याचे ऐकणे ठीक होते. पण ४००० हर्ट्झच्या जवळ आलेखाची रेघ एकदम खाली घसरली होती आणि ८००० ला पुन्हा थोडी वर आली होती. ही खाच म्हणजे मोठ्या आवाजाने कानावर केलेली सही. वयाच्या सव्विसाव्या वर्षी!

वाचकहो, या तरुणाच्या परवानगीने त्याची हकिगत लिहितो आहे. त्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगतो. २००३ साली ब्रास बँडमध्ये साइड ड्रम वाजवणारे एक गृहस्थ हीच तक्रार घेऊन माझ्याकडे आले होते. कानात शीळ, लग्नसराईनंतर दोन दिवस कान जड. मी त्यांना जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणालो, ''काही नाही मामा, होईल कमी.'' आलेख काढायला सांगितले नाही. कान झाकून वाजवा असेही सांगितले नाही. आज ते गृहस्थ साठीच्या पुढे आहेत. चार माणसांत बसले की बोलण्यातले अर्धे शब्द त्यांना उमगत नाहीत. नात काही सांगू लागली की नुसते हसतात. 'स' आणि 'श', 'त' आणि 'प' यांतला फरक त्यांच्या कानाला कळत नाही. त्या वेळी मी पाच मिनिटे जास्त दिली असती, तर निदान पुढचे नुकसान टळले असते. म्हणून आजचा हा लेख.

कानाच्या आत काय बिघडते?

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाजाची लहर आली की त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश पाठवतात. गवतावरून कुणी चालले तर गवत झोपते आणि थोड्या वेळाने पुन्हा उभे राहते. पण रोज त्याच जागेवरून चालले तर तिथे पायवाट पडते, गवत मरते. केसपेशींचे तसेच आहे. फरक इतकाच की गवत पावसाळ्यात पुन्हा उगवते, माणसाच्या कानातल्या या पेशी पुन्हा उगवत नाहीत. मेलेल्या पेशी जिवंत करणारे औषध आज उपलब्ध नाही.

कार्यक्रमानंतर कान जड होणे, बोलणे दुरून आल्यासारखे वाटणे, शीळ वाजणे, हे गवत झोपल्याचे लक्षण आहे. सकाळपर्यंत बरे वाटते, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. असे वारंवार झाले की पायवाट पडते.

किती आवाज किती वेळ चालतो, याचा हिशोब सोपा आहे. अमेरिकेतील नायॉश या कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटे. ऑर्केस्ट्राच्या रंगमंचावर १०० च्या पुढे आवाज जाणे नवलाचे नाही. म्हणजे नांदी आणि पहिली दोन-तीन गाणी होईतो वादकाचा दिवसभराचा वाटा संपतो. त्यापुढचे तीन तास उधारीचे, आणि ही उधारी वसूल झाल्याशिवाय राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या ठिकाणांसाठी प्रमाण ठरवले, त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. ही मर्यादा श्रोत्यांसाठी आहे. श्रोता महिन्यातून एकदा येतो. वादक हंगामात रोज तिथेच बसलेला असतो.

रंगमंचावरची चढाओढ

मी त्या तरुणाला विचारले, ''तुझ्या कानाशी एवढा आवाज येतो कुठून?'' तो म्हणाला, ''मॉनिटरमधून.'' ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या मोठ्या स्पीकरांच्या मागे वादक बसतात. त्यांना स्वतःचे वाजवणे स्पष्ट ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्याकडे तोंड करून जमिनीवर तिरके स्पीकर ठेवतात. ते मॉनिटर. ढोलकीवाल्याला आपली ढोलकी ऐकू येत नाही, तो आवाज वाढवायला सांगतो. मग कीबोर्डवाल्याला काही ऐकू येत नाही, तो वाढवतो. मग गायिका वाढवायला सांगते. सगळे वाढवतात आणि शेवटी कुणालाच काही ऐकू येत नाही. वर माइकमधून शिट्टी सुटते ती वेगळीच.

या मंडळींनी वर्षभरात तीस हजार रुपये साठवले होते. कुणीतरी सल्ला दिला होता की जुने मॉनिटर बदलून दोन दणदणीत नवे घ्या. मी म्हटले, ''थांबा. पैसे खर्च करायचेच असतील तर आवाज कमी करायला खर्च करा.''

कानात बसणारा मॉनिटर

वादकाच्या कानातच घट्ट बसणारे छोटे श्रवणयंत्र वापरण्याची पद्धत परदेशात रुळलेली आहे. अमेरिकेतल्या व्हॅन हेलन या बँडचा ड्रमर ॲलेक्स व्हॅन हेलन याला ड्रमच्या दणदणाटात बाकीचे वादक ऐकू येत नसत. त्याच्यासाठी जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने १९९५ च्या सुमारास असे मॉनिटर तयार केले आणि पुढे त्याचा मोठा व्यवसाय झाला. आता आपल्याकडेही मोठ्या गायकांच्या कानात ते दिसतात. बाजारात ते 'इन-इअर मॉनिटर' या नावाने मिळतात.

यातले तत्त्व असे. कानाची नळी नीट बंद झाली तर बाहेरचा आवाज २० ते २५ डेसिबलने कमी होऊन आत पोहोचतो. बाहेर १०५ असले तरी आत ८० ते ८५. अशा शांत झालेल्या कानात आपले वाद्य आणि गायकाचा आवाज हळू सोडला तरी स्पष्ट कळतो. पण एक गोष्ट ठळकपणे सांगतो. हे यंत्र कान आपोआप वाचवत नाही. कान बंद करून आत पुन्हा १०० डेसिबल सोडले, तर जमिनीवरचा स्पीकर बरा म्हणायची वेळ येईल. यंत्र फक्त आवाज कमी ठेवण्याची सोय करून देते. ती सोय वापरायची की नाही हे वादकाच्या बोटावर अवलंबून आहे.

थोड्या पैशांत काय पाहावे?

मी एमबीबीएस डॉक्टर, ध्वनितंत्रज्ञ नाही. तरी या मंडळींबरोबर चार संध्याकाळी बसून आणि दोन जाणकारांना विचारून जे समजले ते सांगतो. कुठल्या कंपनीची जाहिरात होऊ नये म्हणून नावे टाळतो.

पहिली गोष्ट, आधी कान तपासून घ्या. मी सातही जणांचे कान पाहिले. दोघांच्या कानात मळाचा बुच होता, एकाच्या पडद्याला लहानपणापासून भोक होते आणि अधूनमधून कान वाहत होता. मळावर यंत्र दाबले की मळ आणखी आत जातो. वाहत्या कानात तर ते घालूच नये. तो गडी कानाच्या सर्जनकडे गेला आहे. त्याचे यंत्र सध्या डबीत आहे.

दुसरी, बोंड नीट बसणे सर्वांत महत्त्वाचे. यंत्राच्या टोकाला स्पंजचे किंवा सिलिकॉनचे बोंड असते, ते लहान, मध्यम, मोठे अशा मापांत येते. तिन्ही घालून पाहा. दोन कानांची मापे वेगळी असू शकतात, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. विरुद्ध हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, मग बोंड आत सरकवा. स्पंजचे असेल तर बोटांनी चुरून घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. बरोबर बसल्याची खूण म्हणजे बाहेरचे बोलणे मंद होते आणि ढोल, बास यांचा खर्ज भरदार लागतो. खर्ज पातळ लागला तर यंत्र वाईट आहे असे समजू नका, बोंड सैल आहे. सैल बोंड घालून माणूस आवाज वाढवतो आणि तिथेच सगळे फसते.

तिसरी, आकड्यांना भुलू नका. 'आत पाच ड्रायव्हर, दहा ड्रायव्हर' अशी जाहिरात असते. ड्रायव्हर म्हणजे आतला छोटा स्पीकर. एकच चांगला ड्रायव्हर आणि घट्ट बसणारे बोंड असलेले यंत्र आपल्या कामाला पुरते. वायर सुटी होणारी आणि कानावरून मागे वळणारी असावी. वायर तुटली तर ती तेवढी बदलता येते आणि डोके हलले तरी बोंड निसटत नाही.

चौथी, बसून वाजवणाऱ्याला वायरलेस कशाला? कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि बास गिटार वाजवणारे कार्यक्रमभर एका जागी असतात. त्यांना वायरचे यंत्र स्वस्त आणि खात्रीचे. स्वस्त वायरलेस संच गर्दीत, शेकडो मोबाइलच्या मध्ये अडखळू शकतात. आणि मोबाइलवर गाणी ऐकायचे ब्लूटूथचे इअरबड तर इथे चालतच नाहीत. त्यांत आवाज ठोक्याच्या मागून पोहोचतो. मात्रा चुकली की वादकाची पंचाईत.

पाचवी, मिक्सर काय देऊ शकतो ते आधी पाहा. मिक्सरवर मॉनिटरसाठी 'ऑक्स' नावाच्या वेगळ्या वाटा असतात. जितक्या वाटा, तितकी वेगवेगळी मिश्रणे. या मंडळींनी चार जणांचा एक साधा हेडफोन ॲम्प्लिफायर घेतला. त्यात चौघांना मिश्रण एकच, पण प्रत्येकाचे बटण वेगळे. गायकांची मिक्सरवरची पट्टी खालीवर झाली तरी मॉनिटरचा आवाज बदलू नये, अशी जोडणी करून घ्या. साउंडवाल्याला 'प्री-फेडर' एवढे म्हटले की कळते.

सहावी, लिमिटर. माइक हातातून पडला, कुणी चालू मिक्सरमधून पिन उपटली, शिट्टी सुटली, तर तो दणका बंद कानात सरळ पडद्यावर बसतो. जमिनीवरच्या स्पीकरपासून मान तरी वळवता येते, इथे ती सोय नाही. ठरावीक मर्यादेवर आवाज जाऊ न देणारी व्यवस्था म्हणजे लिमिटर. यांचा मिक्सर डिजिटल असल्याने ती त्यातच होती, फक्त कुणी चालू केली नव्हती. ज्यांच्या मिक्सरमध्ये नसेल त्यांनी ती बाहेरून लावावी. बाकी कशात काटकसर करा, इथे करू नका.

सातवी, अर्थिंग. मांडवातले तात्पुरते कनेक्शन आणि जनरेटर यांचा भरवसा नसतो. माइकला ओठ लागताच झिणझिण्या आल्याचा अनुभव गायकांना असतोच. घामेजलेल्या कानात वायर घालण्याआधी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. गळती होताच वीज तोडणारा स्विच बोर्डावर असू द्या.

हिशोब असा झाला. चौघांसाठी चार यंत्रे, एक हेडफोन ॲम्प्लिफायर, लांब वायरी आणि जादा बोंडे मिळून वीस हजारांच्या आत काम भागले. दोन गायक आणि निवेदक यांच्यासाठी वायरलेस आत्ता घेतले नाही. त्यांच्यापुढे एकच जमिनीवरचा मॉनिटर ठेवला. बाकीचे मॉनिटर उचलल्यामुळे तो निम्म्या आवाजात पुरतो. उरलेल्या पैशांतून सातही जणांचे ऑडिओग्राम काढले. माझ्या मते या खरेदीतली ही सर्वांत मोलाची वस्तू.

कानाचा साचा घेऊन बनवलेली यंत्रे उत्तमच, पण महाग. पहिल्याच दिवशी त्यांच्या मागे लागू नये. आणि ज्यांना यातले काहीच परवडत नाही, त्यांनी वादकांसाठी मिळणारे गाळणीचे इअरप्लग घ्यावेत. त्यांत सूर बिघडत नाही, फक्त आवाज उतरतो. कापसाचा बोळा म्हणजे मनाचे समाधान.

आवाज किती ठेवावा?

कानाच्या आत किती डेसिबल पडतात हे मोबाइलने मोजता येत नाही. म्हणून घरगुती पद्धत सांगतो. बटण शून्यावर ठेवून सुरुवात करा. गाणे चालू असताना हळूहळू वाढवा. सूर आणि ठेका कळू लागला की थांबा. तिथे मार्करने खूण करा. कार्यक्रमात त्या खुणेच्या खाली यायला हरकत नाही, वर जायचे नाही. स्वतःचे वाद्य ऐकू येत नसेल तर आपले वाढवण्याआधी दुसऱ्याचे कमी करायला सांगा. मिश्रणात सगळे सगळ्यांना हवेच असे नाही. ढोलकीवाल्याला गायक, ठेका आणि स्वतःची ढोलकी एवढे पुरते.

कार्यक्रमानंतर परीक्षा घ्या. कान जड वाटले किंवा शीळ वाजली, तर खूण चुकली आहे. दुसऱ्या दिवशी ती खाली आणा. मध्यंतरात यंत्र काढा आणि मोठ्या स्पीकरांपासून लांब जाऊन चहा घ्या. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी कानाला सुट्टी द्या. गाडीत पुन्हा मोठ्याने गाणी नकोत.

हे मात्र टाळा

एक कान मोकळा ठेवण्याची सवय फार वाईट. टाळ्या ऐकू याव्यात, सोबत्याचे बोलणे कळावे म्हणून वादक एक बोंड काढून ठेवतात. मग मोकळ्या कानावर रंगमंचाचा सगळा दणका बसतो. दोन कानांनी मिळून ऐकताना आवाज जास्त भरतो, तो फायदा गेल्याने दुसऱ्या कानातला आवाजही वाढवला जातो. म्हणजे दोन्हीकडून तोटा. उपाय सोपा आहे. एक माइक प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा आणि त्याचा आवाज मिश्रणात किंचित सोडा.

गायकांची एक तक्रार असते की कान बंद केले की स्वतःचा आवाज घुमतो. बोंड थोडे अधिक आत, नीट बसवले तर ते कमी होते. आठ-दहा दिवस सरावाला बसा, मग सवय होते. पहिलाच प्रयोग भर कार्यक्रमात करू नका.

एकाचे यंत्र दुसऱ्याने घालू नये. आपल्याकडे पावसाळ्यात कानात बुरशी धरण्याचे रुग्ण दर आठवड्याला येतात. त्यातून गणपतीचे दिवस म्हणजे दमट हवा आणि घाम. कार्यक्रम झाला की बोंड कोरड्या कापडाने पुसा, हवेशीर डबीत ठेवा. स्पंजचे बोंड चिकट झाले की फेकून द्या. ओल्या कानात घालू नका. मधुमेह असलेल्यांनी कान दुखला तर एक दिवसही थांबू नये.

डॉक्टरकडे कधी जावे?

शीळ दोन दिवसांपेक्षा जास्त टिकली, एका कानाने कमी ऐकू येऊ लागले, चक्कर येऊ लागली किंवा गर्दीत बोलणे समजेना झाले, तर कानाच्या डॉक्टरकडे जा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर ती तातडीची बाब समजा. पहिल्या काही दिवसांत उपचार सुरू झाले तर ऐकणे परत येण्याची शक्यता अधिक असते. गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये आपल्याला अचानक ऐकू येईनासे झाल्याचे जाहीर केले. विषाणुसंसर्गाने कानाच्या नसेवर परिणाम झाल्याचे त्यांना डॉक्टरांनी सांगितले होते. त्यांचे कारण वेगळे होते, तरी मोठ्या आवाजातले संगीत आणि हेडफोन यांपासून जपा, असे त्यांनी चाहत्यांना आणि आपल्या क्षेत्रातल्या तरुणांना आवर्जून सांगितले. ते ऐकण्यासारखे आहे.

तो ऑक्टोपॅडवाला परवा येऊन गेला. दोन महिने झाले. आलेखातली खाच तशीच आहे, ती भरून येणार नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते. शीळही पूर्ण गेलेली नाही. पण तुळशीच्या लग्नानंतरचे अकरा कार्यक्रम त्याने केले आणि एकाही रात्री ती वाढली नाही. झोप लागते. जाताना म्हणाला, ''डॉक्टर, आता माझं मलाच कळतंय, मी किती जोरात वाजवत होतो ते.''

आपला जिल्हा वाद्यांचा आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लाकूड, भोपळा आणि तारा जपणारी माणसे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वाद्याची तार तुटली तर नवी चढवता येते. कानाची चढवता येत नाही. म्हणून ऑर्केस्ट्रा, बँड, बेंजो पार्टी, ढोलताशा पथके आणि डॉल्बीवर काम करणारी मुले, सर्वांना विनंती आहे की हंगाम सुरू होण्याआधी वर्षातून एकदा कानाचा आलेख काढून घ्या. त्याला सुई नाही, दुखणे नाही, अर्ध्या तासात होतो. आणि तुमच्याकडे कुणी कानात शीळ वाजते म्हणून सांगितले, तर ''होईल कमी'' असे म्हणू नका. मी एकदा म्हटले होते.